सातवा प्रश्न

फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा टाकलेला होता. सतरा. प्रसेनजितनं शेजारी बसलेल्या हरीओमचा फॉर्म पाहिला. अठरा.

"नाव लिहायचं नाही," योगिनी पुन्हा सांगत होती. ती विद्यापीठातून आली होती. कॉलेजातली मुलं सिगारेट का ओढतात, यावर तिचा प्रबंध होता. "कोणी काय लिहिलं, ते कोणालाच कळणार नाही."

नाव नको, मग आकडा कशाला? वसतिगृहात कोणी सिगारेट ओढतो असं कळलं, तर त्याच दिवशी खोली सोडावी लागे. आणि घरून ये-जा करावी, तर प्रॅक्टिकल सुटेपर्यंत त्याच्या गावची, रिठदची शेवटची गाडी निघून गेलेली असे. 'तुम्ही सिगारेट ओढता का?' या प्रश्नापुढे त्यानं 'नाही'वर खूण केली. हरीओमनंही तीच केली. अर्ध्या तासापूर्वी दोघं कंपाउंडमागच्या टपरीवर एकच सिगारेट ओढून आले होते.

तास सुटला. योगिनी व्हरांड्यात उभी राहून फॉर्म चाळत होती, तोच वसतिगृहाचे रेक्टर सर तिच्याकडे आले. प्रसेनजित नळाशी बाटली भरत थांबला. त्याला वाटलंच होतं.

"झालं काम? द्या, मी जरा नजर टाकतो," सर हात पुढे करत म्हणाले.

"दाखवता येत नाहीत, सर."

"अहो, आमचीच पोरं आहेत."

"म्हणूनच."

सर हसले, पण हात लगेच मागे घेतला नाही. "तुमच्या परवानगीचं पत्र माझ्याच टेबलावरून पुढं जातं," एवढं बोलून ते निघाले. योगिनीनं फॉर्म बॅगेत टाकले आणि चेन लावली.

बाटली भरून पाणी हातावर आलं होतं. प्रसेनजित तिच्याकडे गेला.

"मॅडम, मले दुसरा फॉर्म पाह्यजे."

योगिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मग सर गेले त्या दिशेनं. "सरांनी पाठवलं का तुम्हाला?"

तिलाही संशय येत असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाई. मी खोटं लिवलं."

"बावन्न फॉर्म आहेत. बावन्न 'नाही'."

"मंग हा आकडा कायले टाकला?"

"वाटले किती, परत आले किती, ते कळायला." तिनं आकडा नसलेला कोरा फॉर्म काढून दिला.

सातवा प्रश्न होता : पहिली सिगारेट कशामुळे ओढली? मित्रांचा आग्रह, ताण, उत्सुकता, घरातलं वातावरण. पेन चारही चौकटींवरून फिरलं आणि थांबलं.

"यात नाई बसत."

"मग सांगा. मी लिहून घेते."

आता ही आडनाव विचारणार, असं त्याला वाटलं. तिनं विचारलं नाही. पेन उघडून ती नुसती थांबली.

"मी इथं आलो तवा जो भेटे तो आडनाव पुसे," तो म्हणाला. "सांगतलं का मंग बोलनं कमी. कोनी वाईट बोललं नाई, पन मेसमधी माह्या टेबलावर मी एकटाच. एक दिवस टपरीपाशी उभा होतो. हरीओमनं तोंडातली सिगारेट काढली अन् माह्यासमोर धरली. मले वाटलं, मस्करी करून राह्यला. एक झुरका घेतला, वापस देली. आता रुमालानं पुसते का काय, म्हनून पाहून राह्यलो होतो. त्यानं तशीच तोंडात घातली."

योगिनीचं पेन थांबलं. "आता मेसमध्ये तो तुमच्याजवळ बसतो?"

प्रसेनजितनं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"नाई. तिथं तो त्याच्या गावच्या पोराइत बसते. माह्यासंग टपरीवरच."

फाटकाशी हरीओम उभा होता. त्यानं हात वर करून 'चल' अशी खूण केली. प्रसेनजितनं पायरी उतरायला पाऊल टाकलं.

"सोडून पाहिली कधी?" योगिनीनं मागून विचारलं.

"दिवाळीनंतर चार दिवस."

"मग?"

"चार दिवस माह्याशी कोनीच नाई बोललं," तो म्हणाला आणि फाटकाकडे निघाला.