बघताक्षणी पसंत

लग्नाचे फोटो निवडायला कोणाला स्टुडिओत हेलपाटे नकोत, म्हणून फोटोग्राफरने ते नेटवर्क स्टोरेजवर ठेवले आणि दोन्ही घरांना ते घरबसल्या इंटरनेटवरून उघडता यावेत म्हणून एफटीपी सुरू केलं.

"परवानगी नुसती बघायची देऊ, की डिलीटचीही?" त्याने विचारलं.

"अहो, आता आपण एकच कुटुंब! सगळे हक्क द्या," नवरीचे वडील उदारपणे म्हणाले. व्याह्यांनीही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी वरमाईंनी सुनेच्या मावशा-माम्या दिसतील ते सगळे फोटो वेचून वेचून डिलीट केले. ते कळताच नवरीच्या आईने जावयाच्या आत्या-काकवांचा पार सुपडा साफ केला.

दोन्हीकडून अशी छाटणी होत होत फोल्डरमध्ये शेवटी रिकाम्या स्टेजचा एकच फोटो उरला.



तो मात्र दोन्ही घरांना बघताक्षणी पसंत पडला.