शुद्धीची गोळी

वेशीबाहेरील शेळीवाल्यांच्या ज्या वस्तीत नगरातील मनुष्य घोटभर पाण्यासाठीही थांबत नसे, तेथे आरोग्याधिकारी भार्गव ओगले काचेची रिकामी बरणी घेऊन उभे होते.

"ठकूबाई, माझी लेक शाल्मली रुग्णालयात आहे," ते म्हणाले. "शुद्धीच्या गोळीने नगरातील प्रत्येकाचे उदर निर्जंतुक झाले, आणि आतड्यांत नांदणारे हितकर जीवाणूही नष्ट झाले. ते जागा नि अन्न व्यापून असत, म्हणून घातक जंतूंना थारा मिळत नसे. आता अशाच एका जंतूने तिला ग्रासले आहे. कोणतेही औषध लागू पडत नाही. तुमच्या विष्ठेतून ते जीवाणू मिळाले, तर ती वाचेल."

ठकूबाई तोंडाला पदर लावून हसली. "आमच्या हातचं पाणी चाललं न्हाई सायेब, आन् आता हे चालतंय व्हय?"

ओगल्यांनी हात जोडले. तिचे हसू मावळले.

"दिलं असतं हो. लेकरावर कसला राग काढायचा? पन गेल्या महिन्यात तुमचीच मानसं गोळ्या घेऊन आली. गिळल्याबिगर वेशीतून आत सोडंनात. मग दूध कुठं इकायचं? समद्यांनी गिळली."

"वृद्धांनी? तान्ह्या मुलांनीसुद्धा?"

"एकालाबी सोडलं न्हाई बगा."

एखाद्याने तरी गोळी चुकवली असेल, या आशेवर ओगले आले होते. वस्तीतील एकही जीव वगळू नये, हा आदेश त्यांचाच होता. आणि या दीनांवर आपण केवढा उपकार केला, या समाधानात त्यांनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.