शाई फुटणारी वही

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि पन्नाशीत मी लिहायला शिकले. आमच्या मालकांना ते खपलं नाही. तरी मी शाईचं पेन घेतलं आणि वहीसाठी सोलापुरात बंदेनवाजच्या दुकानात गेले.

"मावशी, ही घ्या. लई गुळगुळीत कागद. शाई फुटत न्हाय."

"मला फुटणारी दे."

"अवो, तसल्या वहीत लिवलेलं खालच्या पानावर उतरतंय! लोक परत आणून माझ्याच डोक्यात मारत्यात."

"त्याच्याबी खालच्या पानावर उतरलं तर अजून बरं."

त्यानं कपाळावर हात मारला. "असली वही घेऊन करायचं काय, मावशी?"



"मालक लिवलेलं पान फाडून चुलीत घालत्यात. आता किती पानं फाडत्यात, बघतेच की!"