दिनेशच्या नावाखालचे फोटो

नोकरी सोडून कालच आरमोरीला परतलेल्या दिनेशने घरी छोटा सर्व्हर बसवला. घरातल्या सगळ्या मोबाईलमधले फोटो त्यात टाकले. सर्व्हर चेहरे ओळखून फोटो वेगळे लावत होता.

दिनेशच्या नावाखाली मोहफुलं वेचतानाचे फोटो आले. डोक्यावर टोपली, भुवईवर त्याचाच व्रण, शेजारी त्याची बायको रंजीता खळखळून हसणारी.

लग्न झाल्यापासून मोहाच्या दिवसांत तो एकदाही घरी आला नव्हता.

"हा कोण आहे?"

रंजीता दचकली नाही. तेवढ्यात मागच्या अंगणात कोणीतरी टोपली उतरवली आणि दिनेशच्याच आवाजात तिला हाक मारली.

तिने दिनेशच्या तोंडावर हात ठेवला.

"चूप राहा. तुमी वापस आले, हे त्याले अजून सांगतलं नाई मी."