रिकाम्या यंत्रातला सुळका

फिल्म यंत्रात ठेवताना श्वास रोखायचा, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा. प्लॅस्टिकच्या त्या पापुद्र्यातून अवरक्त किरण जातात आणि त्याची रचना सांगणारा आलेख पडद्यावर उमटतो. पण आपला उच्छ्वास आत शिरला, की आलेखात त्याचाही एक सुळका उगवतो.

आज सकाळपासून तो सुळका हटतच नव्हता.

"पुन्हा आत श्वास सोडलास ना?" मॅडम वैतागल्या. "दुपारी अहवाल द्यायचाय, बाई!"

"नाही हो मॅडम, शपथ!"

त्यांनी फिल्म काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि नायट्रोजन सोडून आतली सगळी हवा हुसकावून लावली. सुळका खाली बसला. माझ्या जिवात जीव आला.

मग तो पुन्हा वर चढला. उतरला. परत चढला. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

आत जेवणाचा डबा जेमतेम मावेल, एवढीच जागा.

"गळती असेल कुठेतरी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र एकदम खाली आला होता. "तू जरा लांब हो बघू."

मी दारापर्यंत मागे सरले. सुळका आपला वरखाली होतच राहिला.

"उघडूनच बघते," असं पुटपुटत मॅडमनी झाकणावर हात ठेवला.

त्याबरोबर सुळका अर्ध्यावरच थांबला. चढेना, उतरेना. चाहूल लागल्यावर लपलेलं माणूस श्वास रोखून धरतं ना, अगदी तसा.