आधी तुम्ही

काकांनी सिगार कानाशी धरून बोटांत हलकेच दाबली. पान कुरकुरलं नाही, म्हणजे ओल बरोबर. पेटवली, पहिला झुरका गालात घोळवला, डोळे मिटले. आणि चव? काहीच नाही. गरम हवा, बस्स.

मोठ्या तापातून उठल्यापासून काकांचं नाक पार गेलं होतं. म्हणजे घरात दुधाचा कोळसा झाला तरी हे शेजारी बसून आरामात पेपर वाचतायत, असं. बायकोला तेव्हाच कळलं. कारखान्यात मात्र कुणाला पत्ता नाही, कारण काका तिथले चाखणारे. हाताने वळलेली कुठलीही नवी सिगार त्यांनी पास केल्याशिवाय डब्यात जायची नाही. आता चाखणाऱ्याचं नाकच गेलं म्हटल्यावर खुर्ची कशी राहणार? आणि धाकटीचं कॉलेज तर अजून व्हायचं होतं.

समोर मालक. त्याच जुडीतली दुसरी सिगार ओढत, अगदी शांत. पूर्वी मालक आधी बोलायचे आणि काका मग. हल्ली मात्र मालक दर वेळी म्हणायचे, आधी तुम्ही. काकांना वाटायचं, यांना संशय आलाय, परीक्षा घेतायत माझी.

मग काय, काका नाकाचं काम डोळ्यांवर आणि बोटांवर भागवायचे. राख बोटभर झाली तरी पडत नाही, म्हणजे पान नीट गुंडाळलंय. कड सगळीकडून सारखी जळतेय, म्हणजे वळणारीचा हात सरळ. ओढायला जोर लागत नाही. आणि गोदामात यासाठी कुठल्या तंबाखूच्या गासड्या फोडल्या, ते तर त्यांनी काहीतरी निमित्त काढून स्वतःच बघून ठेवलं होतं.

"बोला," मालक म्हणाले.

"सुरुवातीला मिरी," काका म्हणाले. "मग भाजलेली कॉफी. शेवटी जरासं ओलं लाकूड."

मालकांनी सिगारची राख झटकली.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मालक म्हणाले. "पास."

काकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दार उघडलं. झाडणाऱ्या मावशी नाकाला रुमाल लावून दारातच थांबल्या.

"या कपाटामागे उंदीर मरून पडलाय वाटतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या एवढ्या धुरातूनसुद्धा बाहेर भपकारा येतोय, अख्खा मजला खाली पळाला. आणि तुम्ही दोघं इथे बसलाय कसे?"

काकांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मावशींना बादली आणायला पिटाळलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "काका, तुमचं कधीपासून?"