ख्रिस्ती कुटुंबांनी पाहू नये

"लिही," डॅनियलरावांनी फर्मावलं. "हल्लीच्या सगळ्या कौटुंबिक सिनेमांसारखाच हाही भंपक. ख्रिस्ती कुटुंबांनी पाहू नये. परधर्मात लग्न केलेल्या लेकीला बाप एका गाण्यात जवळ करतो. पोरखेळ नुसता!"

अक्षरं दिसेनाशी झाल्यापासून चर्चच्या मासिकासाठीची त्यांची परीक्षणं बायको, रूथबाई, उतरवून घेत. त्यांच्या लेकीनं, सुवार्तानं, असंच लग्न केल्यापासून सहा वर्षं तिला घराचं दार बंद होतं. तरी ती वर्गणी भरून मासिक मागवायची, बापाचं वाचायला.

"आता वाचून दाखव."

रूथबाईंनी वाचलं, "बाप लेकीला जवळ घेतो तेव्हा परीक्षक थिएटरात ढसाढसा रडला."

"हे मी सांगितलं?"

"सांगितलं नाहीत, केलंत. मी शेजारीच होते."

डॅनियलरावांचा चेहरा लालबुंद झाला.

"ते 'ढसाढसा' तेवढं खोड," शेवटी ते गुरगुरले.